लाख येतो ना? मग थाई आकडे येतीलच

बँकॉकमध्ये भाड्याची खोली बघत होते. घरमालकीण साठीची, सोसायटीतले सगळे तिला ‘पा’ म्हणायचे, म्हणजे आईवडिलांची थोरली बहीण. भाडं विचारलं तर म्हणाली, “मूअन हा.” मी तेव्हा दोन महिने थाई शिकत होते. मूअन म्हणजे दहा हजार, हा म्हणजे पाच, एवढं पक्कं होतं. मोबाईलवर १०,००५ टाइप करून तिच्यापुढे धरलं. वरचे पाच बात (थाई चलन) कशाचे, असा प्रश्न पडला होता, पण असेल काहीतरी रीत म्हणून गप्प बसले. तिनं चष्मा कपाळावर चढवला, आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे सगळं पुसून १५,००० लिहिलं.

थाई आकडे मी इंग्रजीतून शिकले होते, आणि घोळ तिथेच होता. इंग्रजीत हजाराच्या पुढे थेट दहा लाखांवर उडी असते, त्यामुळे इंग्रजी पुस्तकं ‘सॅन’ म्हणजे ‘शंभर हजार’ असं समजावतात. अहो, शंभर हजार कशाला? तो आपला लाख आहे, सरळसरळ लाख! मराठी माणसानं थाई आकडे मराठीतूनच शिकावेत. आपल्याला फक्त दोन पायऱ्या नव्याने बसवाव्या लागतात. त्या कोणत्या ते पुढे येईलच, आधी पाया घालू.

एक ते दहा, आणि तोंडाचा व्यायाम

थाई शब्द देवनागरीत बरेच नीट बसतात, रोमन लिपीपेक्षा कितीतरी बरे.

० सून, १ नुङ, २ सॉङ, ३ साम, ४ सी, ५ हा, ६ होक, ७ चेत, ८ पॅत, ९ काव, १० सिप.

‘सून’ म्हणजे आपलं शून्यच, संस्कृतातून तिकडे गेलेलं. बाकीचे बहुतेक आकडे चिनी कुळातले आहेत. कँटनीज बोलणाऱ्याचे साम, चत, बात, काव, सप ऐकलेत तर नातं लगेच कळतं.

उच्चाराच्या चार गोष्टी पहिल्याच दिवशी पक्क्या करा. एक, शेवटचा क, त, प हा नुसता अडवायचा, सोडायचा नाही. ‘सिप’ म्हणताना ओठ मिटले की शब्द संपला. दोन, ‘नुङ’मधला ङ म्हणजे ‘गंगा’तल्या अनुस्वाराचा आवाज, त्याच्यामागून ग येऊ देऊ नका. तीन, ‘नुङ’ आणि पुढे येणारा ‘मूअन’ यांतला उ आपल्याकडे नाही (‘मूअन’मधला अ नुसता लिहिण्यापुरता, उच्चार एकाच लांब स्वराचा). उ म्हणा, पण ओठांचा चंबू न करता फोटोला हसल्यासारखे ते दोन्ही बाजूंना ताणून. चार, ‘चेत’मधला च हा चहाचा च, चमच्याचा नव्हे.

आपला मोठा फायदा असा की प आणि फ, क आणि ख, त आणि थ यांतला फरक आपल्याला जन्मजात येतो. इंग्रजी बोलणारे ‘काव’ म्हणायला जातात आणि तोंडातून ‘खाव’ निघतं, भात मागितल्यासारखं. आपण तिथे सुटलो. एका ठिकाणी मात्र आपणही सापडतो. हजाराला शब्द आहे ‘फन’, आणि तो फ फणसाचा आहे, फोनचा नव्हे. हल्ली आपण बरेच जण फणससुद्धा दात ओठावर टेकवून म्हणतो. थाईत तसं केलंत तर ‘फन’चा अर्थच मुळी ‘दात’ होतो. ओठाला ओठ लावून फ म्हणा.

आता सूर. थाईत पाच सूर आहेत आणि ते टाळता येत नाहीत. पण आकड्यांपुरते ते गटागटाने पाठ करता येतात, सुटे सुटे करू नका.

खालून वर चढणारे, “काय सांगतेस?” मधल्या शेवटच्या हेलासारखे: सून, सॉङ, साम. पुढे येणारा सॅन याच गटातला.
वरून धपकन खाली येणारे, पोराला “बास!” म्हणून दटावल्यासारखे: हा, काव, आणि विसातला ‘यी’.
खालच्या पट्टीत, कंटाळून “हं” म्हटल्यासारखे: नुङ, सी, होक, चेत, पॅत, सिप. पुढचे एत आणि मूअन हेही इथलेच.
वरच्या पट्टीत ताणून धरलेले: रॉय आणि लान.
सपाट, आपल्या रोजच्या बोलण्यासारखा एकटा फन.

सूर चुकला तर काय होतं? ‘सी’ खालच्या पट्टीत म्हटला तर चार, चढवला तर रंग. ‘काव’ वरून खाली आणला तर नऊ, खालीच ठेवला तर जुना. ‘हा’ चढवला तर शोधणे. आणि तोच ‘हा’ खालच्या पट्टीत गेला तर ती शिवी होते. भाजीवालीपुढे उभं राहून पाच मागताना हे लक्षात असलेलं बरं. अर्थात संदर्भ असतो, हातात नोट असते, लोक समजून घेतात. मला आजवर कुणी मारलेलं नाही.

अकरा ते नव्व्याण्णव: एका दुपारचं काम

मराठीत एक ते शंभर म्हणजे शंभर वेगळे शब्द. एकोणपन्नास, त्रेसष्ट, अठ्ठ्याहत्तर, प्रत्येकाचा तोंडवळा निराळा. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बहात्तर’सोबत ‘सत्तर दोन’ आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? थाईत नेमकी तीच पद्धत आहे, आणि तिथे तीच एकमेव आहे. बहात्तर म्हणजे ‘चेत-सिप-सॉङ’, सात दहा दोन. त्रेसष्ट म्हणजे ‘होक-सिप-साम’. संपलं.

अपवाद दोनच. विसाला ‘सॉङ-सिप’ न म्हणता ‘यी-सिप’ म्हणतात. आणि दोन किंवा अधिक अंकी संख्येच्या शेवटी येणारा एक ‘नुङ’ राहत नाही, ‘एत’ होतो. अकरा सिप-एत, एकवीस यी-सिप-एत, एक्क्याण्णव काव-सिप-एत. घाईत ‘यी-सिप’चं नुसतं ‘यिप’ होतं, म्हणून ‘यिप-एत’ ऐकू आलं तर दचकू नका, एकवीसच आहेत.

ईशान्य थायलंडमध्ये रॉय-एत नावाचा प्रांत आहे. अर्थ: एकशे एक. नकाशावर तो एकदा बघून ठेवलात की शेवटचा एक ‘एत’ होतो हा नियम विसरणार नाही. बोलताना काही लोक १०१ ला ‘रॉय-नुङ’ही म्हणतात, पण तुम्ही शिकताना ‘एत’च धरा.

शिडी

आता मुख्य भाग. शंभरापासून दहा लाखांपर्यंत थाईत प्रत्येक पायरीला स्वतंत्र नाव आहे:

१०० – रॉय
१,००० – फन
१०,००० – मूअन
१,००,००० – सॅन
१०,००,००० – लान

शेजारी आपली शिडी ठेवा: शंभर, हजार, दहा हजार, लाख, दहा लाख. रॉय, फन आणि सॅन यांना आपल्याकडे आयते जोडीदार आहेत. ‘दहा हजार’ आणि ‘दहा लाख’ यांना मात्र आपण एका शब्दाचं नाव देत नाही, खालच्या पायरीला दहाने गुणून भागवतो. नव्याने शिकायचं ते एवढंच: मूअन आणि लान.

खरं तर ही नावं आपल्याकडेही होती. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) यादी येते ती एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी अशी, एकही पायरी न गाळता. अयुत म्हणजे मूअन, प्रयुत म्हणजे लान. आपण ती दोन नावं वापरातून घालवली, थाई लोकांनी आपली जपली. उलट कोटीची गोष्ट. पालीतून गेलेला ‘कोत’ हा शब्द थाईत आहे, पण तो बौद्ध ग्रंथांत. बाजारात कोटीला ‘सिप लान’ म्हणजे दहा दशलक्ष असंच म्हणतात.

पाठ करायला काही खुंट्या देते. ‘लान’साठी इतिहास: चिआंग माय ज्याची राजधानी होती ते राज्य लान-ना, म्हणजे दहा लाख भातखाचरं. शेजारच्या लाओसचं जुनं राज्य लान-छाङ, म्हणजे दहा लाख हत्ती. (‘लान’चा दुसरा अर्थ टकला. सूरही तोच. त्यामुळे थाई विनोदांत हे दोन्ही लान सतत एकमेकांच्या पायात येतात.) ‘मूअन’साठी आपली पंचहजारी मनसब आठवा. जुन्या सयामच्या दरबारात ‘फन’ आणि ‘मूअन’ अशा पदव्याच होत्या, हजारवाला आणि दहाहजारवाला. ‘सॅन’ तर आपल्या लाखासारखाच बोलण्यात मुरलेला आहे. आपण ‘लाखमोलाचं’ म्हणतो तसं ते ‘सॅन दी’ म्हणतात, म्हणजे फार फार चांगलं. बँकॉकच्या मध्यातून जाणारा, प्रवासी बोटी धावतात तो कालवा सॅन सॅप. नावाची लोकप्रिय फोड अशी सांगतात की डासांचे लाखो दंश.

मराठीतून थाईत: जोडी फोडा

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती युक्ती. कागद घ्या.

संख्या आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन लिहा. उदाहरणार्थ ३४,७५,९२१. आपण वाचतो: चौतीस लाख, पंचाहत्तर हजार, नऊशे एकवीस. आपल्या लाखाच्या आणि हजाराच्या घरात दोन-दोन अंकांची जोडी असते. थाईत जोडी चालत नाही, एका घरात एकच अंक. म्हणून जोडी फोडायची:

३४ लाख → ३ लान, ४ सॅन
७५ हजार → ७ मूअन, ५ फन
९२१ → ९ रॉय, २१

झालं: साम लान, सी सॅन, चेत मूअन, हा फन, काव रॉय, यी-सिप-एत.

गणित काही नाही, नुसती फोड आहे. पहिले काही दिवस डोक्यात “चौतीस लाख” उच्चारून मग फोडा. आठवड्याभरात मधली पायरी आपोआप गळते.

शून्य आलं की ते घर गिळायचं. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. सात हजाराच्या जोडीत आधी शून्य आहे, म्हणजे मूअन नाहीच: साम सॅन, चेत फन, चेत रॉय, सिप-साम. मध्ये ‘सून’ म्हणायचं नाही.

सगळ्यात जास्त चूक अकरा हजारात होते. मराठी डोकं म्हणतं, अकरा ‘सिप-एत’, हजार ‘फन’, म्हणून ‘सिप-एत फन’. चूक. जोडी फोडा: नुङ मूअन, नुङ फन. ‘एत’ एककाच्या घरात येतो, हजाराच्या किंवा दहा हजाराच्या घरातला एक ‘नुङ’च राहतो. तसंच पंधरा लाख म्हणजे ‘सिप-हा सॅन’ नव्हे, ‘नुङ लान, हा सॅन’.

दहा लाखांच्या वर: लानची बेरीज

लानच्या पुढे नवीन शब्द नाहीत. पुन्हा पहिल्यापासून मोजायचं आणि शेवटी लान लावायचं: सिप लान (एक कोटी), रॉय लान (दहा कोटी), फन लान (शंभर कोटी, म्हणजे अब्ज), मूअन लान, सॅन लान, आणि मग लान लान. हे शेवटचं म्हणजे आपले एक लाख कोटी. थायलंडचा वार्षिक अर्थसंकल्प हल्ली तीन ‘लान लान’ बातच्या वर असतो. टीव्हीवर हा शब्द दोनदा ऐकू आला तर निवेदक अडखळला असं समजू नका.

इथे, लानच्या आधीच्या संख्येत, अकरा पुन्हा ‘सिप-एत’ होतात. एक कोटी दहा लाख म्हणजे सिप-एत लान.

कोटीवरून लान काढायचे तर कोटीचा आकडा लिहा आणि लाखाच्या जोडीतला पहिला अंक त्याला चिकटवा. २०११ च्या जनगणनेतली महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ घेऊ. अकरा कोटी, तेवीस लाख. ११ ला २ चिकटवले, ११२ लान झाले. उरलेला ३ सॅनमध्ये. पुढचं नेहमीचं. सगळं मिळून: रॉय सिप-सॉङ लान, साम सॅन, चेत मूअन, सी फन, साम रॉय साम-सिप-साम. एका श्वासात म्हणता आलं तर तुमचं मोठं काम झालं. मला तीन दिवस लागले.

छापील आकडा वाचताना एक आडवळण आहे. थाई लोक स्वल्पविराम इंग्रजी पद्धतीने, तीन-तीन अंकांवर देतात. फ्लॅटच्या जाहिरातीत ४,५९०,००० दिसतं, ४५,९०,००० नव्हे. म्हणजे स्वल्पविराम आणि शब्द यांचा त्यांच्याकडे मेळ बसत नाही, आपल्याकडे बसतो. पण एक सोय आहे: दोन स्वल्पविराम असतील तर पहिल्याच्या डावीकडे जे असेल ते लान. ४,५९०,००० मध्ये सी लान. मग उजवीकडच्या तीन अंकांना ओळीने सॅन, मूअन, फन: हा सॅन, काव मूअन. मी अजूनही कधी कधी मनातल्या मनात स्वल्पविराम सरकवून ‘पंचेचाळीस लाख नव्वद हजार’ करून घेते आणि मग जोडी फोडते. लाज वाटून घेण्यासारखं त्यात काही नाही.

बाजारातले आकडे: शेपूट कापलेलं असतं

पुस्तकात ‘नुङ फन हा रॉय’ असतं. बाजारात ‘फन हा’. पंधराशे. नियम असा की शेवटच्या अंकाचं घर बोलण्यात गाळतात, आणि ते घर लगेचच्या खालच्या पायरीचं समजायचं. फनच्या खाली रॉय, म्हणून फन हा म्हणजे हजार आणि पाच शेकडे. आपण ‘दीड हजार’ म्हणून पाचशे लपवतो, तसंच.

सॉङ फन हा – २,५००
मूअन सॉङ – १२,०००
सॅन हा – दीड लाख
साम लान हा – पस्तीस लाख

पा काय म्हणाली होती ते आता कळलं असेल. सुरुवातीचा ‘नुङ’ही बोलण्यात बहुधा गळतो: शंभर म्हणजे नुसतं रॉय, हजार म्हणजे फन. दोन ठिकाणी मात्र ही सवलत घेऊ नका. शेवटी ‘नुङ’ आला, जसं ‘फन नुङ’, तर ते बरेचदा फक्त ‘एक हजार’ असतं, अकराशे नव्हे. आणि शंभरांत गोंधळ होतो: ‘रॉय पॅत’ म्हणजे एकशे ऐंशी नव्हे, १०८. तो आकडा त्यांच्याकडेही आपल्या जपमाळेइतकाच मानाचा, आणि बोलीत त्याचा अर्थ ‘नाना तऱ्हेचे, सतराशे साठ’ असा होतो. शंका आली की विचारा: “ईक थी”, म्हणजे पुन्हा एकदा. किंवा “फूत छा-छा”, हळू बोला. पुरुषांनी शेवटी ‘ख्रप’ आणि बायकांनी ‘खा’ लावायचं, नाहीतर ते खेकसल्यासारखं वाटतं. किंमत विचारायची “थाव-राय खा?”, आणि कमी कराल का म्हणायचं तर “लोत दाय माय खा?”

फेरीवाल्यांकडे कॅल्क्युलेटर असतोच. परदेशी चेहरा दिसला की ते तो पुढे करतात. त्यांनी आकडा दाबण्याआधी तोंडाने तुम्ही म्हणून बघा, मग पडद्यावर पडताळा. प्रतुनामच्या कपडेबाजारात असा तासभर घालवलात की चाळीस-पन्नास आकडे फुकटात होतात.

नोटांचे रंगही शिकून ठेवा, कारण लोक रंगाने बोलतात. वीस हिरवी, पन्नास निळी, शंभर तांबडी, पाचशे जांभळी, हजार करडी-तपकिरी. ‘बॅङ’ म्हणजे नोट, ‘दॅङ’ म्हणजे तांबडा. ‘बॅङ दॅङ’ मागितली तर शंभराची द्या.

सोन्याच्या दुकानासमोर दहा मिनिटं

मोठ्या आकड्यांच्या सरावाला बँकॉकच्या ‘याववारात’ या भागासारखी, म्हणजे चायनाटाऊनसारखी, जागा नाही. लालभडक दुकानं, आणि प्रत्येक दुकानात दर्शनी भागात फळा: आज घेण्याचा भाव, देण्याचा भाव. पण हा भाव ग्रॅमचा नसतो. ‘बात’ हे चलनाआधी वजन आहे, आणि सोन्याला आजही तेच चालतं. एक बात सोनं म्हणजे साधारण १५.२ ग्रॅम. आपला तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्याहून तो बराच जड. म्हणून दुकानदार “नुङ बात” म्हणाला तर आधी बघा की तो सोनं तोलतोय की पैसे मागतोय.

बातचा पाव म्हणजे ‘सलुङ’, आपली पावलीच. वजनात चार सलुङांचा एक बात, आणि नाण्यांत २५ सतांग म्हणजे एक सलुङ, चार आण्यांसारखा. सतांग हा शब्द तोडून बघा: शत अधिक अंग, शंभरावा भाग. तीन हजार किलोमीटरवरच्या देशातल्या सुट्ट्या पैशांचं नाव कुणी न सांगता कळावं, याची मला अजून गंमत वाटते.

समजा फळ्यावर ५१,३५० आहे. दोन स्वल्पविराम नाहीत, म्हणून लान नाही. एक्कावन्न हजार, जोडी फोडा: हा मूअन, नुङ फन, साम रॉय, हा-सिप. दुसऱ्या दुकानात आकडा थोडा बदललेला असेल तर तोही म्हणा. तिसऱ्या दुकानात आत बोलावतात. तिथून निघावं.

वर्ष, फोन आणि फळ्यावरची लिपी

थाई सरकारी कागदांवर बुद्धसंवत असतो: इसवी सनात ५४३ मिळवा. शकासाठी ७८ वजा करायची आपल्याला सवय आहे, तेव्हा ही बेरीज काही जड नाही. २०२५ म्हणजे २५६८: सॉङ फन हा रॉय होक-सिप-पॅत. वर्ष असं पूर्ण संख्या म्हणून वाचतात, ‘पंचवीस अडुसष्ट’ असं तोडून नाही. बिस्किटाच्या पुड्यावर २५६९ छापलेलं बघून पाचशे वर्षं टिकणारी बिस्किटं मिळाली असं समजू नका.

फोन नंबर मात्र एकेक अंक वाचतात, आणि तिथे ‘सॉङ’ऐवजी बरेचदा ‘थो’ ऐकू येतं. फोनवर सॉङ आणि साम एकसारखे वाटतात म्हणून ही तजवीज. हा ‘थो’ संस्कृत-पाली घराण्यातला ‘दोन’. एक, थो, त्री, चत्तवा ही मालिका थाईत आजही जिवंत आहे. सूरचिन्हांची नावं तीच, आणि पदव्याही. पण तिथे क्रम उलटा: पदवीधर ‘त्री’, पदव्युत्तर ‘थो’, पीएचडी ‘एक’.

दशांश चिन्हाचा थाई शब्द देवनागरीत लिहिला की हिंदीतल्या एका शिवीसारखा दिसतो, म्हणून इथे छापत नाही. शिक्षकाकडून ऐका. टक्क्यांसाठी ‘रॉय ला’ म्हणजे ‘शेकडा’ हा छान शब्द आहे. आणि चेकवर किंवा पावतीवर अक्षरी रकमेपुढे आपण ‘फक्त’ लिहितो, तिथे ते ‘बात थुअन’ लिहितात. ‘थुअन’ म्हणजे पूर्ण, वर सतांग नाहीत.

थाई लिपीतले अंकही ओळखता यावेत. रोज लागत नाहीत, पण राष्ट्रीय उद्यानांच्या फाटकावर परदेशी पाहुण्यांचं तिकीट इंग्रजी अंकांत आणि थाई नागरिकांचं, कितीतरी कमी, थाई अंकांत लिहिलेलं असतं. वाचता आलं की राग येतो, तो वेगळा विषय. ते अंक ख्मेर लिपीतून आलेले, म्हणजे मुळात आपल्या अंकांचे चुलतभाऊ. शून्य गोलच आहे, एक म्हणजे गुंडाळी. चार आणि पाच यांत लोक फसतात: आकार जवळजवळ सारखाच, पाचाच्या माथ्यावर एक जादा मुरड.

सराव कसा करावा

रोज दहा मिनिटं, पण लिहून नाही, मोठ्याने. पहिला आठवडा एक ते नव्व्याण्णव: रस्त्यावरच्या गाड्यांच्या नंबरांतले शेवटचे दोन अंक. दुसरा आठवडा शिडी वर-खाली: सिप, रॉय, फन, मूअन, सॅन, लान आणि उलट. उलट फार महत्त्वाचं, कारण खरा गोंधळ मूअन आणि सॅनची अदलाबदल होण्यात आहे. तिसऱ्या आठवड्यात मराठी वर्तमानपत्र घ्या, अर्थकारणाच्या पानावरचे सगळे कोटी-लाख थाईत म्हणा.

कानासाठी सरकारी लॉटरीची सोडत ऐका. ती महिन्याच्या १ आणि १६ तारखेला असते, सहा अंकी नंबर एकेक अंक वाचला जातो, आणि सगळा देश श्वास रोखून असल्यामुळे उच्चार स्वच्छ असतात. तोच नंबर मग पूर्ण संख्या म्हणून, सॅनपासून, तुम्ही म्हणा.

शेवटी तुमच्या आवाजात पाच मोठे आकडे रेकॉर्ड करून एखाद्या थाई मैत्रिणीला पाठवा आणि तिने काय ऐकलं ते अंकांत लिहून मागा. मी घरमालकिणीला, म्हणजे ‘पा’ला, पाठवले होते. चार बरोबर लिहून आले. पाचव्याच्या जागी नुसतं ५५५ आलं. मी आधी तेही उत्तर समजून माझ्या यादीत शोधत बसले. मग ते थाईत वाचलं: हा हा हा.